हळदीची फाईल

लातूरच्या एका शिकवणीत मी कामाला आहे. शिकवायला नाही, शिकवलेलं साठवायला. मास्तर लोक फळ्यापुढे तास घेतात, कॅमेरा ते टिपतो, आणि त्या अगडबंब फायली पोरांच्या फोनवर आणि हॉस्टेलच्या टीव्हीवर चालतील अशा करून देणं हे माझं काम. दिवसभर माझ्या पडद्यावर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत असते आणि मी चहा पीत असते. फायलीच्या आत काय आहे ते मी बघत नाही. हलवायाला जिलबीचं काय कौतुक? सुरुवात वाजवून बघायची, आवाज येतोय, चित्र हलतंय, की पुढची घ्यायची.

हे आधी सांगते, कारण पुढचा घोळ माझ्या या सवयीमुळेच झाला. आणि हेही सांगून ठेवते की भुताखेतांशी माझं काही देणंघेणं नाही. घरात मी तोंडाळ म्हणून ओवाळून टाकलेली आहे. कुणी अंगात आल्याचं सांगितलं की आधी ताप बघा म्हणणारी मी.

माझी थोरली बहीण, आक्का, नांदेडला असते. तिला काचबिंदू झाला. डोळ्यांपुढे पुसट दिसतं म्हणून ती चष्म्याचे नंबर बदलत राहिली आणि खरं कारण कळलं तेव्हा बरीच नजर गेलेली होती. गेली ती परत येत नाही आणि उरली ती किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आक्का रडली नाही. तिने मला फोन केला.

"माझ्या लग्नाची कॅसेट हाय ना, तेवढी टीव्हीवर लावून दे. सगळी नको, हळदीची. आत्याला बघायचंय."

आत्या म्हणजे वडिलांची बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला आणि ती देगलूरकडच्या आमच्या गावी माहेरी परत आली. आक्काला तिनेच वाढवलं. माझ्या जन्मानंतर आई बरेच दिवस अंथरुणाला होती, तेव्हा आक्काची वेणीफणी, शाळा, ताप, रुसवे सगळं आत्याकडे. आक्काच्या लग्नानंतर काही वर्षांनी आत्या गेली, तेव्हा लक्षात आलं की तिचा एकही फोटो नाही. कॅमेरा निघाला की ती उठायची, "आले ग, चुलीवर दूध हाय." तेराव्याला फोटोच्या जागी तांब्या ठेवून त्याला हार घातला होता. आक्का त्या तांब्याकडे बघून जे रडली ते मला अजून आठवतं.

"आत्या कुठली हळदीत?" मी फोनवर म्हणाले. "तिला कोण हळदीत येऊ देणार होतं?"

"ती हाय त्याच्यात," आक्का म्हणाली. "मला ठाऊक हाय. माझे डोळे हायत तवर लावून दे."

कॅसेटची फाईल आम्ही मागेच एका दुकानातून करून आणली होती. ती कॉम्प्युटरवर चालायची, पण आक्काच्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला की टीव्ही सरळ हात वर करायचा. फॉरमॅट सपोर्ट होत नाही, म्हणायचा. आक्काचे यजमान, आमचे दाजी, त्यांना मी फोनवर समजावून सांगितलं की डबा ओळखीचा असला तरी आतला माल या टीव्हीला पचत नाही, माल बदलून द्यावा लागेल.

"ते तू बघ," दाजी म्हणाले. "पण पडदाभर दिसू दे. जुन्या पिक्चरला दोन्ही अंगानं काळ्या पट्ट्या येतात, तसं नको. हिला आधीच कडंनं काळं होत चाललंय. काळ्या पट्ट्या बघून भ्याली परवा."

फाईल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाकली, पट्टी सरकली, सुरुवात वाजवून बघितली आणि रविवारी नांदेडची बस धरली.

आक्काच्या डोळ्यांना उजेड टोचायचा, म्हणून त्यांच्या बैठकीत भर दुपारीही जाड पडदे ओढलेले असायचे. पंखा फिरत होता. सोफ्यावर आक्का, शेजारी मी, खुर्चीत दाजी. मी पेन ड्राइव्ह लावला. पडदा काळाच राहिला आणि त्या काळ्यातून बाबांचा आवाज आला.

"सतरंजी हिकडं घ्या रे, पाव्हणे कुठं बसतील?"

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा आवाज मी विसरले होते हे मला तो ऐकल्यावर कळलं. मग बायकांचं गाणं, भांडी आपटल्याचा आवाज, कुणाचं तरी पोर रडतंय. आवाज टीव्हीला पचला होता, चित्र पचलं नव्हतं. चूक माझीच होती आणि काय झालं ते मला लगेच कळलंही. तरी त्या अंधारलेल्या खोलीत काळ्या काचेतून गेलेली माणसं बोलत होती आणि माझ्या पाठीवर काटा आला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मग आईचा आवाज आला. तीही आता नाही. "सरळ बस ग. सरकू नको."

"हाव, बसले," आक्का म्हणाली.

ती माझ्याशी बोलली नव्हती. मी दाजींकडे बघितलं, दाजींनी माझ्याकडे. मी बंद करायला उठले तर आक्काने माझा हात धरला. "राहू दे. मला आता असंच ऐकायची सवय करायची हाय." आम्ही बसून ऐकत राहिलो. आई पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, दर वेळी जरा चिडून. "सरकू नको म्हणते ना. पाटावरनं खाली यायलीस." शेवटी शेवटी तर तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती.

"एवढी का सरकत होतीस?" मी विचारलं.

आक्का काळ्या पडद्याकडेच बघत होती. "चित्र आलं की कळंल तुला."

त्या वेळी परीक्षांचे दिवस होते. शिकवणीत सुट्टी मागणं म्हणजे आगीत हात घालणं. मी फाईल दुसऱ्या पद्धतीने बदलून ठेवली, पडदाभर चित्राचा पर्यायही निवडला, पण नांदेडला जाणं लांबत गेलं. दाजी फोनवर सांगायचे, आज हिनं कप टेबलाच्या बाहेर ठेवला, आज दाराला धडकली. मी घाई घाई म्हणत होते आणि कामात बुडत होते. अखेर एका रविवारी सगळं तसंच टाकून निघाले.

या वेळी चित्र आलं. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आमचं अंगण आलं. मागे आमच्या घराची पांढऱ्या मातीची भिंत आणि दार. ते घर माळवदाचं होतं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर. आता पाडून तिथे सिमेंटचं झालंय. टीव्हीवर भिंत दिसत होती, माळवद दिसत नव्हतं. मांडवाच्या बाहेर, मोकळ्या उन्हात पाट, पाटावर पिवळ्या साडीतली आक्का. तोंडावर उजेड यावा म्हणून व्हिडिओवाल्याने पाट जरा वळवून घेतलेला. तिचा डावा गाल उन्हात. भोवती सवाष्णी, हातात आंब्याची पानं, हळदीची वाटी. उन्हं घराच्या मागे कलली होती आणि घराची सावली अंगणात अर्ध्यापर्यंत आली होती. सावलीची कड सरळ, आखल्यासारखी.

त्या सरळ कडेवर एका माणसाची सावली बसलेली होती.

डोक्यावर पदर असलेली, गुडघे जवळ घेतलेली बाई. सावली स्पष्ट होती, पण जिची सावली ती बाई कुठेच नव्हती. मी चित्रातला माणूस न् माणूस बघितला. जिथे ती असायला हवी तिथे भिंतीवर चित्र संपत होतं.

"आली बघ," आक्का म्हणाली.

तिला माणसांचे चेहरे दिसत नव्हते, एवढं तोपर्यंत झालं होतं. पण पांढऱ्या उन्हावरचं ते काळं तिला माझ्या आधी दिसलं. सावलीने एक हात पुढे केला. हात लांब लांब होत जमिनीवरून पाटाकडे आला आणि पाटाच्या थोडा अलीकडे थांबला. मग पडद्यावरची नवरी हळूच सरकली. "सरळ बस ग," आई म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिने मान वर करून चित्राच्या बाहेर कुठेतरी बघितलं. एका सवाष्णीनेही वर बघितलं आणि चटकन नजर खाली घातली. नवरी आणखी सरकली, पाटाच्या अगदी कडेला. सावलीचा हात तिच्या डाव्या गालावर पडला आणि तिथेच राहिला. इकडे सवाष्णी तिच्या पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना हळद लावत होत्या, आणि गालावर तो काळा हात, बोटांसकट.

"आत्याचा हाय," आक्का म्हणाली. "हात पुरत नव्हता तिचा. म्हणून मी सरकून राहिले होते."

दाजी खुर्चीतून उठून उभे राहिले होते. नवऱ्याशिवायच्या बाईची सावली नवरीवर पडू नये, असं आमच्याकडे मानतात. आई त्यासाठीच ओरडत होती. सरळ बसण्यासाठी नाही, सावलीतून बाहेर ये म्हणून. एवढ्या वर्षांनी, तीही गेल्यावर, मला आईचा राग आला. आणि त्या रागाखाली, खरं सांगते, मला भीती वाटत होती. दाजी काय विचार करत असतील ते मला कळत होतं. सावली पडली, आणि डोळे गेले.

आक्कालाही कळलं असावं. "म्हणतील लोक," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या. मला काय त्याचं? मी आपल्या पायानं सरकले."

मग ती माझ्याकडे वळली. "पण तिचं तोंड कुठं हाय ग? नुसती सावलीच हाय ही."

परतीच्या बसमध्ये माझं डोकं चालेना. अहमदपूरला गाडी थांबली, समोरच्या हॉटेलात टीव्ही चालू होता आणि त्यातल्या माणसाची टाळू पडद्याच्या वर गेलेली होती, तेव्हा माझी ट्यूब पेटली. जुनं चित्र चौकोनी, नवा टीव्ही आडवा लांब. पडदाभर करायचं म्हणजे चित्र मोठं करायचं, आणि मोठं केलं की वरची आणि खालची पट्टी कापली जाते. रोज हाच उद्योग करणारी मी, आणि काळ्या पट्ट्या नकोत म्हणून आत्यालाच कापून टाकलं होतं. हायसं वाटलं. सावलीला धनीण मिळाली, भूतबित काही नाही. खिडकीबाहेर हरभऱ्याची रानं पळत होती आणि मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसात कुणी नसताना, मी ती मूळची फाईल पहिल्यांदा नीट बघितली. होती. चित्राच्या अगदी वरच्या कडेला माळवद, आणि माळवदाच्या कडेवर बसलेली आत्या. मग मला आठवलं, लग्नाच्या गडबडीत ती म्हणाली होती, वर कुरडया वाळत घातल्यात, कावळे बसतील, मी राखायला जाते. तिला वर जा असं कुणी म्हटलं नव्हतं. कुणाला म्हणायला लागू नये, म्हणून ती आपणच गेली होती. आम्ही ही कॅसेट त्या काळी बघितली होती, पण लग्नाच्या कॅसेटीत जो तो स्वतःलाच शोधत असतो. कडेला कोण आहे ते कोण बघतो?

मी चित्र थांबवलं आणि मोठं केलं. ऊन तिच्या पाठीमागे होतं. पदराची कड उजळलेली आणि मध्ये, जिथे चेहरा असतो, तिथे काळं. मी उजेड वाढवला. काळ्याचं करडं झालं आणि त्यात दाणे नाचायला लागले. आणखी वाढवला. कपाळ नाही, नाक नाही, काही नाही. मला येत होतं ते सगळं करून बघितलं. ज्या एका गोष्टीसाठी आक्काने डोळे राखून ठेवले होते ती त्या कॅसेटीत नव्हतीच.

मग कापलेली खालची पट्टी बघितली आणि हात थांबला. तिथे मी होते. दोन वेण्या, अंगावर नवा फ्रॉक, जमिनीवर मांडी घालून. सगळी पोरं हळदीच्या वाटीकडे बघत होती आणि मी एकटी, तोंड वासून, माळवदाकडे बघत होते. हलतही नव्हते. मला यातलं काहीही आठवत नाही. मी काय बघितलं, नंतर कुणाला काय बोलले, का कुणी गप्प केलं, काही नाही. त्या पोरीकडे बघताना मला जसं वाटलं तसं सावली बघतानाही वाटलं नव्हतं. जेवणाची सुट्टी संपली तरी मी डबा उघडला नव्हता.

तिसऱ्यांदा नांदेडला गेले ती पूर्ण चित्राची फाईल घेऊन, काळ्या पट्ट्यांसकट. दाजींना आधी सांगून ठेवलं. आक्काने ऐकून घेतलं आणि टीव्हीच्या पुढ्यात बसायचा वेताचा मोडा ओढून बसली. मी आत्या येते तिथे चित्र थांबवलं, पडद्याजवळ जाऊन बोट ठेवलं. "इथं बघ. इथं वर बसलीय."

आक्काने मान तिरकी केली, सरळ केली, पुढे झुकली. "लई काळं हाय ग," ती म्हणाली. "मला घरबी दिसंना."

मधल्या दिवसांत उरलेलं बरंच गेलं होतं.

"तू सांग की," आक्का म्हणाली. "तोंड कसं दिसून राहिलंय तिचं?"

मी सांगायला लागले. कपाळ मोठं. हनुवटीवर गोंदण. खालचा ओठ दाताखाली धरलाय, सुईत दोरा ओवताना धरायची तसा. हसत नाही, पण हसल्यासारखी. आक्का मान हलवत होती, आणि मी सांगत सुटले होते, आत्याचं जे जे आठवत होतं ते त्या करड्या दाण्यांवर लावत होते.

"खरंच दिसतंय का तुला?" आक्का मध्येच म्हणाली.

माझ्याने पुढे खोटं बोलवेना. "न्हाई दिसत," मी म्हणाले. "ऊन मागं हाय. काळंच दिसतंय नुसतं."

मला वाटलं आता ही मोडेल. आक्काने श्वास सोडला, दळण संपल्यावर बाई सोडते तसा. "मग बराबर हाय," ती म्हणाली. "मलाबी तवा तोंड दिसलं नव्हतं. वर बघितलं की डोळ्यात ऊनच यायचं. मी खाली हातच बघून राहिले होते." मग म्हणाली, "ती मागची लाव. मोठी. त्याच्यात हात मोठा हाय."

मागची, कापलेली फाईल पेन ड्राइव्हमध्ये होती. मी काढून टाकणार होते, आळसाने राहिली होती. ती लावली. पडदाभर ऊन आलं आणि उन्हात सावली. आक्का हात पुढे करून, चाचपत, टीव्हीच्या काचेपर्यंत गेली. हालणारं काळं तिला तेव्हा थोडंसं कळत होतं. ते जिकडे जाई तिकडे तिचं बोट जात होतं.

या उन्हाळ्यात मी पुन्हा गेले होते. आता आक्काला उजेड-अंधारही कळत नाही. उजेड टोचायचाही राहिला, तरी पडदे तसेच ओढलेले असतात, आता सवयीने. दुपारची जेवणं झाली, दाजी आत पडले, आणि आक्का म्हणाली, "लाव की."

मी लावली आणि चित्र न बघता तिच्याकडे बघत बसले. बाबांनी सतरंजी मागितली. बायकांनी गाणं धरलं. पोर रडलं. आक्का सोफ्यावर ताठ बसून होती, हात मांडीवर. मग आई म्हणाली, "सरळ बस ग. सरकू नको."

आक्का सरकली. सोफ्याच्या कडेपर्यंत सरकली, डावा गाल जरासा वर केला आणि तशीच राहिली. खोलीत अंधार होता, पंखा फिरत होता, आई ओरडत होती.

"आक्का," मी म्हणाले, "दिसतंय का काही?"

"न्हाई ग," ती म्हणाली. "पण गालावरचं ऊन गेलं बघ."